सव्वा महिना

आमच्या मराठवाड्यात रुग्णाला दवाखान्यातून घरी सोडले की ‘सुट्टी झाली’ असे म्हणतात. ‘डिस्चार्ज’ हा शब्द आता सर्वत्र रुळला असला, तरी घाटीच्या आवारात झाडाखाली डबा उघडून बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात ते ‘सुट्टी कधी?’ असेच. शाळेची सुट्टी आणि दवाखान्याची सुट्टी यांना एकच शब्द वापरणारी भाषा काहीतरी गृहीत धरत असते. सुटले म्हणजे संपले, असे ते गृहीतक असावे. ते किती अपुरे आहे हे मला २०१९च्या मे महिन्यात कळले. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला त्या महिन्यात दोन्ही सुट्ट्या एकदमच लागल्या होत्या. पुण्यातील एका रुग्णालयात तिच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सातव्या दिवशी आम्ही तिला घेऊन औरंगाबादला परतलो. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. तिच्या डिस्चार्ज कार्डावरचा पत्ता मात्र अजून जुन्या नावाचा आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आजारावरचे साहित्य मी वाचले आहे, शिकवलेही आहे. त्यात आजार असतो, मृत्यू असतो, कधी चमत्कारासारखी सुटका असते. बरे होण्याचे दिवस मात्र फारसे भेटत नाहीत. ज्या दिवसांत काहीच घडत नाही आणि तरीही सगळे घडत असते, त्या दिवसांविषयी हे थोडे लिहिते आहे.

१

स्कोलिओसिसमध्ये कणा एका बाजूला झुकतो, इतकेच नाही. तो स्वतःभोवती पिळतोही. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात आणि मूल पुढे वाकले की पाठीवर तो उंचवटा दिसतो. किशोरवयात, उंची भराभर वाढत असताना, शंभरातील दोन-तीन मुलांत हा वाक कमीअधिक प्रमाणात आढळतो. बहुतेकांचा किरकोळ असतो आणि त्याला काहीही करावे लागत नाही. ज्यांचा वाढत जाऊन शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो त्यांत मुलींची संख्या फार मोठी आहे. वैद्यक या प्रकाराला ‘इडिओपॅथिक’ म्हणते. कारण ठाऊक नाही, एवढेच सांगण्याची ती भारदस्त पद्धत.

आमच्या घरी तो प्रथम दिसला तो आम्हाला नव्हे, शिंप्याला. ती बारा वर्षांची असताना गणवेशाचे माप घेता घेता तो म्हणाला, “ताई, हिचा एक खांदा वर आहे. मी कापडात सांभाळून घेतो.” त्याने सांभाळून घेतले. पुढची दोन वर्षे तिचे सगळे कपडे त्याने असेच शिवले. एका बाजूला थोडे अधिक कापड, दुसऱ्या बाजूला किंचित आत घेतलेली शिवण. तिचा वाक लोकांच्या नजरेआड राहिला आणि माझ्याही.

मी त्या दोन वर्षांत काय केले? मी तिला रागावले. “पोक काढून बसू नकोस.” “सरळ बस.” “अभ्यासाला बसलीस की वेलीसारखी कुठेतरी टेकतेस.” दिवसातून किती वेळा हे म्हटले असेल याची मोजदाद नाही. दप्तराचे वजन कमी केले, उशी काढून घेतली, दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावले. नात्यातल्या एका बाईंनी मालिश करणारे गृहस्थ सुचवले; दुसऱ्या म्हणाल्या, “मुलीची जात आहे, फार गवगवा करू नका.” पहिला एक्स-रे निघाला तेव्हा वाक ३४ अंश होता. कोन मोजण्याची ही रीत कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली रूढ केली. कणा अजून वाढत असेल तर एवढ्या वाकाला पट्टा देतात. आम्हीही दिला, कठीण प्लास्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंत. औरंगाबादच्या एप्रिल-मेमध्ये तो दिवसाचे बहुतेक तास घालणे म्हणजे काय, हे तो न घालणाऱ्याला सांगता येणार नाही. ती तो काढून ठेवी. मी पुन्हा रागवे. वर्षभरात कोन ५४वर गेला. पन्नासच्या आसपास पोचलेला वाक पुढे वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहण्याची शक्यता असते, म्हणून तेथे शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

पुण्याच्या सर्जनांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून आम्हाला सगळे समजावले. मी विचारले, “ही नीट बसत नाही, त्याचा परिणाम असेल का?” ते तिच्याकडे पाहून म्हणाले, “नाही. ती कशी बसली त्यामुळे हे झालेले नाही, आणि कितीही नीट बसली असती तरी हे टळले नसते.” लेकीने माझ्याकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मी सही केली तेव्हा हात कापला तो पुढच्या धोक्यांच्या यादीमुळे, असे सर्वांना वाटले. त्या नजरेचा त्यात मोठा भाग होता.

२

मग माझ्या लक्षात येऊ लागले की, ‘सरळ’ हा शब्द मी आयुष्यभर किती निष्काळजीपणे वापरत आले. आपल्या भाषेत सरळ माणूस चांगला असतो, सरळमार्गी असतो, सरळ मनाचा असतो. वाकडे पाऊल पडते, वाकडी नजर असते, वाकड्यात शिरणारा भांडखोर असतो. शरीराचे वर्णन आणि चारित्र्याचा निवाडा एकाच विशेषणात उरकला जातो. मंथरेच्या पाठीचे कुबड आणि तिच्या मनातला डाव यांची सांगड आपण लहानपणीच ऐकतो आणि ती कुणी घातली हे कधी विचारत नाही. याविरुद्ध आपल्या परंपरेत एक स्वच्छ आवाज आहे तो चोखोबांचा. वाकड्या उसाचा रस वाकडा नसतो, हे त्यांनी ज्या समाजाला ऐकवले त्याला आत आणि बाहेर यांतला फरक कळून घ्यायचा नव्हता. तो अभंग मी अनेक वर्षे शिकवला. घरात मात्र मी उसाच्या वाकडेपणावरच बोट ठेवून बसले होते.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्दच मुळी ‘सरळ’ आणि ‘मूल’ या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली तो घडवला. त्याच्या पुस्तकात एक चित्र आहे: वाकडे वाढलेले झाड सरळ खुंट्याला दोरीने बांधलेले. जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्था ते आजही बोधचिन्ह म्हणून वापरतात. चित्र सुंदर आहे. झाडाला काय वाटते, हे त्यात नाही.

भागवताच्या दशम स्कंधात मथुरेची कुब्जा येते. तिचे तेथील नाव त्रिवक्रा, तीन ठिकाणी वाकलेली. कृष्ण तिच्या पावलांवर आपले पाऊल दाबतो, दोन बोटे हनुवटीखाली धरतो आणि तिला वर उचलतो. ती क्षणात सरळ होते. खालून धरून वरून ताणायचे, हे तंत्र शल्यवैद्याच्या ओळखीचे आहे. परंतु माझे लक्ष आता दुसरीकडे जाते. सरळ झालेली त्रिवक्रा त्या रात्री कोणत्या कुशीवर झोपली? उंची वाढल्यावर घराच्या उंबऱ्यात तिला ठेच लागली का? पुराणाला त्याच्याशी कर्तव्य नाही. सरळ करणे ही घटना आहे, आणि कथा घटनांच्या असतात.

३

घटना सहा तासांची होती. पाठीवर मानेखालपासून कमरेपर्यंत छेद घेऊन मणक्यांत स्क्रू बसवले, त्यांतून धातूच्या दोन दांड्या ओवल्या, वाक जमेल तितका सोडवला आणि तेवढे मणके एकमेकांना कायमचे जुळावेत म्हणून हाडाचा चुरा पसरला. मज्जारज्जूला धक्का लागत नाही ना, हे यंत्रावर सतत पाहिले जात होते. शुद्धीवर येताच तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो “पायाची बोटं हलव बघू” असा. काचेपलीकडून ती बोटे हललेली मी पाहिली.

पूर्वी असे नव्हते. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी धातूच्या दांडीचा उपाय काढला, त्याचा वृत्तांत १९६२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर मुलांना कित्येक महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आजच्या स्क्रूंची पकड एवढी पक्की असते की, मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभे करतात. आठवड्यात सुट्टी मिळते ती त्यामुळे. पण हाडे जुळायला आजही अनेक महिने लागतात. पूर्वी जो काळ रुग्णालय सांभाळत असे, तो आता घराकडे आला आहे.

ते सात दिवस तपशिलांचे होते. कुशीवर वळवायचे ते खांदा आणि कंबर एकाच वेळी, लाकडाच्या ओंडक्यासारखे. फुंकणीतून श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलेना, चौथ्या दिवशी दोन उठले. वेदनाशामकांनी मळमळ आणि बद्धकोष्ठ. पाठीतली नळी निघाली, लघवीची नळी निघाली, एकेक निघाली तसतशी ती पुन्हा आमची दिसू लागली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. तिचे बाबा समोर होते. ती त्यांच्या खांद्याच्या वर आली होती. वाक सुटल्यामुळे उंची तीन सेंटिमीटर वाढली होती. तिला पाहून त्यांना हसू आले आणि मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सुट्टीच्या सकाळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला जिन्याजवळ नेले. चार पायऱ्या चढून उतरता आल्या की घरी जाता येते, असा शिरस्ता. मी अर्थातच तिचा दंड धरला. बाई म्हणाल्या, “आई, तुम्ही खाली थांबा. तिला कठडा पुरतो.” मी खाली थांबले. चार पायऱ्यांना किती वेळ लागू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

हातात कार्ड पडले. वाकायचे नाही, कमरेतून वळायचे नाही, दोन किलोपेक्षा जास्त उचलायचे नाही, जखम भिजू द्यायची नाही. ताप आला, जखमेतून पाणी आले, पायांत बधिरपणा वाटला तर लगेच कळवायचे. चौदाव्या दिवशी टाके, सहा आठवड्यांनी तपासणी. वाचताना जाणवले की, हे कार्ड खुर्ची-टेबलाच्या घरासाठी लिहिले आहे. आमच्या जगण्याचा अर्धा भाग जमिनीवर चालतो. जेवणाचे पान, देवपूजा, भाजी निवडणे, संडास, सगळे खाली. आमच्या घरात पडलेली वस्तू उचलणे ही कृती दिवसातून शंभर वेळा घडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

४

पुण्याहून औरंगाबाद सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहे. एरवी पाच तासांचा रस्ता आम्ही आठ तासांत कापला. मागची सीट उशांनी भरली होती. दर तासाला गाडी थांबवून तिला पाच मिनिटे चालवायचे. गतिरोधक दिसला की चालक आधी सांगे आणि ती डोळे मिटून घेई. शिरूर गेले, नगर गेले. सीटला पाठ टेकवायची तिला भीती वाटत होती. टेकली की टोचे, न टेकली की थकवा येई.

नेवासा फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. मला तो खांब आठवला. ज्ञानेश्वरांनी ज्याला पाठ टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे परंपरा मानते, तो नेवाशाचा पैसाचा खांब. दुर्गाबाई भागवतांच्या, १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘पैस’ला नाव याच खांबाने दिले. मी तेथे विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. त्यांना खांबाचे वय सांगितले, टेकणाऱ्याचे सांगितले नव्हते. परंपरेच्या हिशेबाने ते पंधरा भरते. माझ्या लेकीहून एका वर्षाने मोठा मुलगा, आणि त्याला पाठ टेकायला दगड लागला होता. एवढे मोठे काम करणाऱ्यालाही टेकावे लागते. मग अभ्यास करताना भिंतीला टेकणाऱ्या मुलीला मी कशासाठी बोलत होते?

मी म्हटले, “गाव थोडं आतच आहे, जाऊन यायचं का?” ती म्हणाली, “आई, प्लीज, घरी चल.” तिचे बरोबर होते. खांब मला हवा होता, तिला तिचे अंथरूण हवे होते. दुष्काळाचे वर्ष होते; प्रवरासंगमाच्या पुलावरून जाताना नाथसागराचे पाणी खूप मागे सरलेले दिसले. तिने ते पाहिले नाही. ती झोपली होती, डोके माझ्या मांडीवर, पाठ मोकळी.

५

घरी सासूबाईंनी सूत्रे हाती घेतली. बरे होण्याचा एकच पक्का आराखडा त्यांना ठाऊक होता, तो बाळंतिणीचा. “सव्वा महिना पोरीला दाराबाहेर काढायचं नाही,” असे त्यांनी जाहीर केले. डॉक्टरांचे सहा आठवडे आणि त्यांचा सव्वा महिना यांचा हिशेब जवळपास जुळत होता, म्हणून मी वाद घातला नाही. फक्त दाराबाहेर रोज चालायचे आहे, एवढे पटवावे लागले. डिंक उन्हाळ्यात बाधेल म्हणून त्यांनी तो टाळला. सकाळी भिजवलेले काळे मनुके, दुधातून खारकेची पूड, दुपारी ज्वारीची आंबील. औषधाने न सुटलेले बद्धकोष्ठ मनुक्यांनी सुटले. आजारातून उठण्यासाठी आपल्या संस्कृतीने काही विचार करून ठेवलाच नाही, असे मी वर सुचवले. ते पूर्ण खरे नाही. तो ग्रंथांत नाही, स्वयंपाकघरात आहे.

भेटायला येणारे बहुतेक माझे सहकारी, म्हणजे मराठीचे प्राध्यापक. प्रत्येकाला कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवत होती आणि प्रत्येक जण ती म्हणत होता. चौथ्या-पाचव्या पाहुण्यानंतर लेकीने विचारले, “सगळे तीच कविता का म्हणतात?” मला उत्तर देता येईना. कविता मोठी आहे; पण त्या कवितेतला कणा हिंमतीचा आहे, आणि हिचा हाडांचा होता. सूझन सोन्टाग यांनी १९७८ मध्येच सांगून ठेवले आहे की, आजाराला रूपक केले की रुग्ण त्या रूपकाखाली दबतो. शिवाय, पाठीवर हात ठेवणे ही जी आपली धीर देण्याची रीत, तीच येथे निषिद्ध होती. छेदाभोवतीची त्वचा काही ठिकाणी बधिर, काही ठिकाणी अतिशय हळवी. कुणी हात पुढे केला की ती मागे सरे. मग हात कुठे ठेवायचा, हे कुणालाच कळेना. मलाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती रडली. टाके निघाले होते, वेदना उतरल्या होत्या, सगळे ‘छान चाललंय’ म्हणत होते. निमित्त झाले कपड्यांचे. बाहेर चालायला जाण्यासाठी तिने आपला आवडता कुर्ता घातला आणि तो एका खांद्यावरून ओघळला. शिंप्याने जो वाक सांभाळून शिवला होता तो आता नव्हता. कपाटातला एकही कुर्ता तिला नीट बसेना. सगळे त्या जुन्या मुलीचे होते. “मी आधी एवढी वाकडी होते?” तिने विचारले. जे तिच्यापासून इतके दिवस सांभाळून लपवले गेले होते, ते तिला सरळ झाल्यावर दिसले. मी म्हणाले, “मला दिसलं नाही. मी तुला उगीच बोलत राहिले.” हे वाक्य दोन वर्षे उशिरा आले होते. ती म्हणाली, “मला माहितीये. मला वाटायचं, मीच नीट बसत नाही.”

त्या क्षणी मी तिला जवळ घेऊ शकत नव्हते. तिचे मनगट धरून बसले.

आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते. पाणी येण्याच्या दिवशी घरातले सगळे बादल्या, पिंप, टाकी यांच्यामागे धावतात. पूर्वी ती धावण्यात पुढे असे. आता बादलीला हात लावायची बंदी. पहिल्या दोन खेपांना ती खुर्चीवर बसून आमच्याकडे पाहत होती. तिसऱ्या खेपेला ती आपण होऊन मोटारीच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. कधी सुरू करायची, टाकी भरत आली की कधी बंद करायची, हे तिने आपल्याकडे घेतले आणि आम्हाला हुकूम सोडू लागली. बरे होण्याची सुरुवात कोणत्या दिवशी झाली असे कुणी विचारले, तर मी तो दिवस सांगेन. कार्डावर त्याची नोंद नाही.

शाळा सुरू झाल्यावर ती पंधरवड्याने उशिरा गेली, दप्तराशिवाय. वर्गात कुणीतरी विचारले, “रॉड आहेत म्हणजे तू आता वाकू शकत नाहीस?” तिने सगळ्यांसमोर खाली पडलेली पेन्सिल उचलून दाखवली, पाठ ताठ, गुडघे दुमडून. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले.

६

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. सातव्या लेण्यात एक नर्तकी आहे, भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया. त्रिभंग मुद्रेविषयी बोलताना मी विद्यार्थ्यांना नेहमी तिच्याकडे नेत असे आणि सौंदर्य वक्र असते, असे सांगत असे. आता हे वाक्य मी जपून उच्चारते. नर्तकी त्या मुद्रेतून बाहेर येऊ शकते, म्हणून ती मुद्रा आहे. ज्याला बाहेर येता येत नाही, त्याच्या वाकाला सुंदर म्हणणे आणि त्याला सरळ बस म्हणून दटावणे, दोन्ही बाहेरून बोलणाऱ्याचे आहे.

लेकीने आता विशी ओलांडली आहे. पाठीवरच्या रेषेचा ती उल्लेख करत नाही आणि ती लपवतही नाही. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या पाठीला वयाने वाक आला आहे, उंची दरवर्षी थोडी कमी होते. त्यांना सरळ बसा, असे कुणी म्हणत नाही. परीक्षेला निघताना नात नमस्काराला येते. पूर्वीसारखी पटकन वाकत नाही. आधी गुडघे टेकते, मग हात पावलांना लावते, मग टेबलाच्या कडेला धरून उठते. तोवर सासूबाई थांबून राहतात. ती पूर्ण उभी राहिली की त्या मान वर करून तिच्याकडे पाहतात, आणि आशीर्वादाचा हात डोक्यापर्यंत पोचत नाही म्हणून तिच्या दंडावर ठेवतात.